पहिला बिघडवायचा असतो

चित्र काढायला काय काय लागतं याची मी यादी केली, ती अडीच पानं भरली. यादी ऐकून आई म्हणाली, "यात चित्र काढणं कुठंय?" आई चौथीपर्यंत शिकली आहे. मी ग्रंथपाल आहे. असे प्रसंग आमच्या घरात वरचेवर येतात आणि दर वेळी मी ते मोठ्या मनानं सोडून देते.

तळेगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचं ग्रंथालय मी सांभाळते. त्यामुळे कुठलंही काम पुस्तकापासून सुरू करायची मला सवय आहे. स्कूटर शिकण्याआधी मी तिची माहितीपुस्तिका दोनदा वाचली होती. पुढे चिखलीतल्या ज्या भिंतीवर मी आदळले, त्या भिंतीचा पुस्तिकेत उल्लेख नव्हता. हा दोष माझा नव्हे.

काम तसं लहान होतं. पप्पांना जाऊन वर्ष व्हायला सात आठवडे उरले होते. स्मृतिदिनाला भंतेजी येणार, वंदना होणार, पाहुणे जेवणार, आणि समोर ठेवायला पप्पांचा एक धड फोटो आमच्याकडे नव्हता. घरातले सगळे फोटो पप्पांनीच काढलेले. फोटो काढणारा माणूस फोटोत नसतो, हे आम्हाला अल्बम मांडीवर घेऊन बसल्यावर कळलं. तीन ठिकाणी ते सापडले. एका लग्नात कुणाच्या तरी फेट्याआड अर्धे. एका सहलीत फक्त कोपर; ते पप्पांचंच, यावर आई ठाम. आणि तिसरं आधार कार्ड, ज्यात ते गुन्हा कबूल करायच्या तयारीत दिसतात.

म्हणून मी जाहीर केलं, की पप्पांचं चित्र मी काढणार. टॅब्लेटवर.

टॅब्लेट पप्पांनीच आणला होता, निवृत्त झाले त्या आठवड्यात. पप्पा, म्हणजे भिवा ओव्हाळ, चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून उतरलेला पीस मापात आहे की नाही, हे ठरवणं त्यांचं काम. घरीही ते ताटातल्या भाकरीकडे आधी एकदा कडेनं बघून घेत. शाळेत असताना मी चित्रकलेच्या दोन परीक्षा पास झाले होते. ते मी विसरले होते, त्यांच्या लक्षात होतं. खोक्यातून टॅब्लेट काढून त्यांनी तो पेनासकट माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "आधी मला काढ. खुशाल बिघडवून टाक."

"पप्पा, तुमचं चित्र बिघडवायचं नाहीये मला. नीट शिकते, मग काढते."

"बरं," ते म्हणाले.

नंतरचे तीन रविवार ते सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. हातात पेपर. मी विचारलं, "कुठे जायचंय का?" म्हणाले, "नाही. बसलोय." चौथ्या रविवारी ते बनियनवर होते. टॅब्लेटवर मी चहाचे कप न्यायला लागले. त्याची कड चांगली होती, कप घसरत नसत. निवृत्तीनंतरच्या आठव्या महिन्यात एका मंगळवारी पप्पा दूध आणायला गेले आणि जिन्यातच बसले. पुढचं इथे लिहायचं नाही.

तर मी टॅब्लेटवरचे चहाचे गोल पुसले आणि चित्राचं ॲप उघडलं. ॲपनं पहिलाच प्रश्न विचारला: कॅनव्हास किती मोठा? रंगाच्या डबीनं मला असं कधी विचारलं नव्हतं. मी आकारांवर वाचायला घेतलं. चार दिवसांनी आकार ठरला, तर ॲपनं दोनशे चौदा ब्रश पुढे केले. 'कोरडी शाई', 'ओली शाई', 'जुनी पेन्सिल', 'वादळ'. स्वतःच्या वडिलांच्या भुवया 'वादळ'नं काढाव्यात का, या प्रश्नावर एक अख्खा गुरुवार गेला. मग मी बारा लेअर केले, म्हणजे एकावर एक बारा पारदर्शक कागद, आणि प्रत्येकाला नाव दिलं: केस, कपाळ, भुवया, डोळे, इत्यादी. वर्गीकरणाच्या दृष्टीनं चित्र पूर्ण झालं होतं. फक्त ते पांढरं होतं.

आणि मग मला अनडू सापडलं. पडद्यावर दोन बोटं टेकवली की शेवटची रेघ नाहीशी होते. ही सोय ज्या कुणी शोधली त्याच्या घरी चित्र काढणारं कुणी नसावं. मी कपाळाची रेघ ओढायचे. ती पप्पांच्या कपाळासारखी नसायची. दोन बोटं. पुन्हा रेघ, पुन्हा दोन बोटं. तिसऱ्या आठवड्यात मी सहज ॲपचा हिशेब उघडला. त्यात लिहिलं होतं, या चित्रावर तुम्ही एकोणीस तास काम केलं आहे. वर पांढरा कॅनव्हास. मला वाटलं ॲप टोमणा मारतंय.

खालच्या मजल्यावरच्या सोजराबाई मीठ मागायला आल्या, ते चहा पिऊनच उठल्या. मूळच्या मावळातल्या. त्यांनी पडदा जवळ धरला, लांब धरला.

"पोरी, हे पांढरंच हाय की."

"अजून सुरू व्हायचंय, मावशी."

"व्हय का? मग आदी कान काढ. माणूस कानावरनं वळखू येतो. आमी म्हशी कानावरनंच वळखायचो."

पप्पांच्या आठवणींशी म्हशींचा संबंध जोडल्याचं मला लागलं. पण पुस्तकांत कानाबद्दल काहीच निश्चित नव्हतं, म्हणून मी तीन दिवस कान काढला. आई म्हणाली, "शंकरपाळं छान झालंय."

मग विक्की आला. विक्की माझा चुलतभाऊ, आणि आमच्या भागातला फ्लेक्सचा जाणकार. वाढदिवस असो की श्रद्धांजली, मजकूर तोच लावतो.

"ताई, कशाला डोकं लावतीस? आधार कार्डचा फोटो दे. एआयला टाकू, एका मिनिटात काका तयार. सूट घालू, मागं ढग देऊ."

"पप्पांनी जन्मात सूट घातला नाही."

"म्हणून तर!"

त्याला एक मिनिटही लागलं नाही. फोनच्या पडद्यावर एक गोरापान, भरदार जबड्याचा गृहस्थ सूट घालून हसला. दात प्रमाणापेक्षा पाच-सहा जास्त असावेत. विक्कीनं फोन आईपुढे धरला. आई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली.

"बरा आहे माणूस," ती म्हणाली. "कोण आहे?"

विक्कीनं फोन खिशात घातला. मला मात्र आनंद झाला नाही. निदान त्याच्याकडे दाखवायला कुणीतरी होतं.

धड फोटो असता तर सुरुवात जमली असती, असं मी स्वतःला पटवलं, आणि धड फोटो कंपनीत असणार हेही. एक दिवस रजा टाकली. मोशीच्या पुढे ट्रकांच्या रांगेत दीड तास काढून चाकणला कंपनीच्या गेटवर पोचले.

"कोणाला भेटायचंय मॅडम?" सिक्युरिटीवाल्यानं विचारलं.

"एचआरला. वडिलांचा फोटो हवा होता. ते इथेच होते."

"मग त्यांनाच पाठवा की. ज्याचा फोटो, त्याचा अर्ज."

"ते वारले."

त्यानं टोपी काढली, जरा थांबला, परत घातली. "सॉरी मॅडम. पण मग त्यांचं सहीचं पत्र लागेल."

मी तिथल्या खुर्चीत बसले. बहुधा मी उठणार नाही हे ओळखून त्यानं पास करायला घेतला. टेबलावरचा कॅमेरा माझ्याकडे वळवला, "हलू नका" म्हणाला आणि फोटोसकट चिठ्ठी छापून हातात दिली. फोटोत मी गुन्हा कबूल करायच्या तयारीत होते. आधार कार्डातल्या पप्पांसारखी. हुबेहूब. मग त्यानं मला पिवळं हेल्मेट दिलं, कारण पाहुण्यांना हेल्मेटशिवाय आत सोडत नाहीत. वडिलांच्या फोटोसाठी डोक्यावर हेल्मेट घालून मी ऑफिसात शिरले तेव्हा तीन जण उगाच उभे राहिले.

एचआरच्या इंद्रायणी मॅडम माझ्याहून लहान आणि फार चांगल्या होत्या. अडचण कॉम्प्युटरची होती. माहिती कशासाठी हवी, याला त्यात चारच कारणं होती: कर्ज, विमा, कोर्ट, इतर.

"'इतर' टाकलं तर वरची मंजुरी लागते," त्या म्हणाल्या. "कोर्ट टाकू का? लवकर होतं."

"माझी कुणावर केस नाहीये."

शेवटी विम्यावर तडजोड झाली. त्यांनी बटणं दाबली आणि थांबल्या. "निवृत्तीनंतर एक वर्षानं फोटो सिस्टिममधून जातो. सरांचा गेलाय. तुम्ही जरा आधी यायला पाहिजे होतं, ताई."

हे मला कंपनीनं सांगायची गरज नव्हती. मी मान हलवली. हेल्मेट डोळ्यांवर आलं.

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, पण मॅडमनी शोधाशोध करून एक फोटो काढलाच. सुरक्षा सप्ताहाच्या बक्षिसाचा. अकरा माणसं ओळीनं उभी, अकराही जणांच्या डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मास्क. बक्षीस संपूर्ण सुरक्षा पाळल्याबद्दल होतं, त्यामुळे तक्रार करता येईना.

"यातले सर कोणते?" मॅडमनी विचारलं. मला सांगता आलं नाही. आपल्या वडिलांना अकरांतून ओळखता येत नाही ही गोष्ट माणूस सहसा कबूल करत नाही. मी म्हणाले, "प्रकाश नीट नाहीये."

मॅडमनी शॉपमधून, म्हणजे मशीनच्या विभागातून, एहसानभाईंना बोलावलं. एहसानभाई मशीन लावून देणारे सेटर. बावीस वर्षं ते पीस बनवायचे आणि पप्पा नापास करायचे, इतकी त्यांची जुनी ओळख. त्यांनी फोटोवर लगेच बोट ठेवलं.

"हे ओव्हाळसाहेब. बाकी दहा कॅमेऱ्याकडं बघतायत. हे बाजूच्याच्या बुटाची लेस सुटलीय ते बघतायत."

तेच होते. मग मला खांदा दिसला, डावीकडे जरा उतरलेला.

कँटीनमध्ये चहा घेताना त्यांनी विचारलं, "चित्र कुठवर आलंय, बेटा?"

"सुरू व्हायचंय."

"किती दिवस झाले?"

"चार आठवडे."

"चार आठवडे मशीन बंद!" ते हसले. "का पण?"

मी त्यांना कॅनव्हास, ब्रश, लेअर सगळं सांगितलं. बिघडता कामा नये म्हणून मी किती जपते तेही सांगितलं. ते ऐकता ऐकता उठले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक लोखंडी कडं होतं. लाल रंगानं रंगवलेलं, तारेनं एक जुनी चिठ्ठी अडकवलेली.

"मी नवा होतो. पहिल्या दिवशी मशीन लावलं आणि दोन तास नुसता मोजत बसलो. टूल टेकवायची हिंमत नाही. पहिलाच पीस मापात यायला पाहिजे, इज्जतीचा सवाल! साहेब आले. भंगाराच्या डब्यातनं एक तुकडा उचलला, माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, 'एहसान, आधी हा बिघडव.' मला वाटलं, टोमणा मारतायत. म्हणाले, 'अरे, पहिला बिघडवायचाच असतो. बिघडल्याशिवाय कळणार कसं, किती बिघडतंय? ते कळलं की तेवढंच सरकवायचं.' हा तो. अर्धा मिलिमीटर जास्त गेलाय. चांगल्या मालात मिसळू नये म्हणून लाल रंग. सेटिंगचा पीस म्हणतो आम्ही याला."

चिठ्ठीवर छापील रकाने होते. भाग, बनवणारा, तारीख, शेरा, तपासणारा. शेवटच्या रकान्यात पप्पांची सही. शेऱ्यात त्यांचं उभं, बारीक अक्षर: 'बिघडला. आता सुरू कर.'

"प्रत्येक नव्या पोराला ते हेच म्हणायचे," एहसानभाई म्हणाले. "तुला नाही म्हणाले कधी?"

म्हणाले होते. खुशाल बिघडवून टाक, असंच म्हणाले होते, आणि मी तो त्यांचा साधेपणा समजले होते. ती त्यांची कामाची पद्धत होती. भंगाराच्या डब्यातून तुकडा उचलून समोर ठेवावा तसं त्यांनी स्वतःला माझ्यासमोर ठेवलं होतं. तीन रविवार. इस्त्रीच्या शर्टात. आणि मी, इतकी पुस्तकं वाचलेली, त्यांना विचारलं होतं, कुठे जायचंय का.

गेटवर हेल्मेट परत केलं. पास मात्र मागितला तरी दिला नाही. हरवला म्हणून सांगितलं. त्यासाठी वेगळा अर्ज भरावा लागला.

त्या रविवारी मी बारा लेअर काढून टाकले, एक ठेवला. ब्रश पहिला आला तो घेतला. आणि डाव्या हाताची दोन बोटं पट्टीनं वेगवेगळी गुंडाळून घेतली, म्हणजे ती सवयीनं पडद्यावर टेकली तरी रेघ पुसली जायची नाही. सोजराबाईंनी जिन्यात विचारलं, "काय झालं गं बोटाला?" मी म्हणाले, "चित्र काढतेय." त्या म्हणाल्या, "मंग जपून काढायचं की बाई."

पहिलं चित्र बटाट्यासारखं झालं. पण बटाट्यात डोळे फार वर गेलेत हे स्पष्ट दिसत होतं. पांढऱ्या कॅनव्हासमध्ये इतके दिवस ते दिसलं नव्हतं. दुसऱ्यात डोळे खाली घेतले, तर हनुवटी लांबली. पाचव्यात पप्पा विक्कीच्या वडिलांसारखे दिसायला लागले, म्हणजे निदान घराण्यात आले. आठव्यात खांदा सापडला, डावीकडे उतरलेला. नाक काही केल्या सापडेना. आधार कार्डावर ते छपाईत बुजलं होतं, फेट्याआडच्या फोटोत नाक नव्हतं, कोपरात असण्याचा प्रश्न नव्हता. शेवटी मी गेटपासवरचा माझा फोटो समोर ठेवला आणि आरशात बघून स्वतःचं नाक काढलं. चौदावं चित्र मी छापून, चौकट करून आणलं. डावा कान तरीही खाली गेला होता. तो तसाच राहिला.

स्मृतिदिनाला विक्कीनं न सांगता फ्लेक्स आणलाच. दहा बाय सहाचा. ढगांत सुटातला तो गृहस्थ, खाली शोकाकुल म्हणून अठरा जणांचे फोटो, त्यात विक्की काळा गॉगल लावून. सोसायटीच्या सेक्रेटरींनी गेटवर लावायला परवानगी विचारली, ती विक्कीकडे नव्हती. आई म्हणाली, "वाया कशाला घालवायचा? टाकीवर झाकायला होईल." तेव्हापासून तो गृहस्थ आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर पडून आकाशाकडे बघून हसतो.

वंदना झाली. भंतेजींचं झालं, माणसं जेवायला बसली. सगळ्यांत शेवटी एहसानभाई आले, शिफ्ट संपवून थेट. फुलं वाहिली आणि मग मान कलती करून चित्राकडे बघत उभे राहिले. तपासायला उभे राहतात तसे.

"डावा कान खाली गेलाय."

"हो."

"नाक तुझं आहे."

"हो."

"खांदा बरोबर." त्यांनी खिशातून एक कोरी चिठ्ठी काढली, कंपनीची, रकाने असलेली. "भागाचं नाव काय टाकू, वहिनी?"

आई पदर सावरत म्हणाली, "पूर्ण नाव लिहा. भिवा दगडू ओव्हाळ."

बनवणाऱ्याच्या रकान्यात त्यांनी माझं नाव लिहिलं, मैत्री. मग तारीख. शेऱ्यापाशी त्यांनी मला काही विचारलं नाही. 'बिघडला. आता सुरू कर.' तपासणाऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवलं, उचललं, आणि टोपण लावलं. तो रकाना कोरा ठेवून त्यांनी चिठ्ठी चौकटीला दोऱ्यानं बांधली. मग ते जेवायला बसले. ताट मी वाढलं.

पाहुणे पांगल्यावर सोजराबाई चित्राजवळ गेल्या, चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, किमतीचा कागद काढायचा ऱ्हायलाय. लोकांनी बघितला आसंल."

"राहू दे मावशी," मी म्हणाले.

नंतरच्या रविवारी मी उठून बाहेर आले, तर खिडकीजवळच्या खुर्चीत आई बसली होती. इस्त्रीची निळी साडी, केसांना तेल, मांडीवर मेथीची जुडी. जुडी निवडायला ती एरवी जमिनीवर बसते.

"कुठे जायचंय का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नाही. बसलेय."

मी टॅब्लेट शोधायला आत पळाले. त्यावर चहाचे दोन कप होते. ते ओट्यावर ठेवून, पडदा पदराला पुसत येऊन समोर बसले, तशी आई मेथीकडे बघतच म्हणाली, "आणि हे बघ, मला नीट काढायचं. बिघडवायचे ते बिघडवून झालेत."

मी आकार न बघता कॅनव्हास उघडला आणि कपाळाची रेघ ओढली. ती चुकली. आईनं मान जराही हलवली नव्हती.